आडनाव सोडा, लग्न धरा: फ्रेंच कॅनेडियन पूर्वज शोधताना

नात चौथीत असताना शाळेनं तिला घराण्याचा तक्ता करून आणायला सांगितला. कागदाच्या डाव्या बाजूला आम्ही, उजवीकडे जावयाकडची मंडळी. आमची बाजू माझ्या पणजोबांपाशी अडली. बायकांच्या रकान्यात तर 'रमाबाई', 'काशीबाई' एवढंच. त्यांचं माहेर कुठलं हे सांगायला कुणी उरलेलं नाही. उजवी बाजू मात्र खाली खाली उतरतच गेली. जावई कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचा, फ्रेंच बोलणाऱ्या घरातला. त्या बाजूवर मी दोन हिवाळे घालवले आणि १६५० च्या दशकापर्यंत पोचले, तेही प्रत्येक बाईच्या माहेरच्या नावासकट. माझं फ्रेंच भाजीबाजारापुरतं आहे, हे आधीच सांगून टाकते.

तुमच्याही घरात अशी सोयरीक असेल आणि हात घालायची इच्छा असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि मी कुठे कुठे आपटले, ते लिहिते.

हे शक्य होतं याचं कारण चर्चची दफ्तरं. क्यूबेक शहर १६०८ मध्ये वसलं, त्रुआ-रिव्हिएर १६३४ मध्ये, मॉन्ट्रियल १६४२ मध्ये. क्यूबेकच्या वहीतली सर्वांत जुनी बाप्तिस्म्याची नोंद १६२१ सालची, युस्ताश मार्तँ नावाच्या बाळाची. १६४० मध्ये तिथलं चर्च जळालं, वह्याही जळाल्या. मग लोकांना विचारून, आठवेल तसं, त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे १६७९ पासून प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवायचा नियम आला: एक चर्चकडे, एक न्यायालयाकडे. १७६० मध्ये इंग्रजांनी ही फ्रेंच वसाहत जिंकली तरी हा कारभार तसाच चालू राहिला. क्यूबेकमध्ये १९९४ पर्यंत चर्चची वही हीच जन्ममृत्यूची सरकारी नोंद मानली जायची. म्हणजे सलग पावणेचारशे वर्षं एकाच पद्धतीनं लिहिलेला हिशेब. आपल्याकडे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांतल्या लोकांना ही वही ओळखीची वाटेल. बाकीच्यांना थोडी सवय करावी लागेल.

आता मुद्द्याचं. वंशावळ म्हटलं की आपण आडनाव पकडून बापाकडून आजोबाकडे जातो. इथे ती सवय घरी ठेवून या. इथे आडनाव बदलतं, भाषांतर होतं, भावाभावांत वेगळं होतं. पक्कं काय, तर जोडपं. नवरा-बायको, दोघांची नावं, लग्नाची तारीख आणि गाव. एका लग्नापासून मागच्या दोन लग्नांकडे जायचं, बस.

सुरुवात घरातून

विहीणबाईंकडे बसा, चहा घ्या आणि आजी-आजोबांच्या लग्नाचं गाव विचारा. जन्मतारखा नंतर मिळतात. आधी लग्न कुठे झालं ते हवं. जुन्या कबरींचे फोटो असतील तर फारच छान, कारण क्यूबेकच्या कबरीवर बाईचं नाव माहेरच्या आडनावानं असतं आणि खाली 'एपूज द' म्हणजे 'अमक्याची पत्नी'.

ही चाल जुनी आहे. या समाजात चर्चच्या वहीत, नोटरीच्या कागदात बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं राहते. १९८१ पासून तर क्यूबेकमध्ये कायदाच आहे की लग्नानंतर दोघांनी आपापलं नाव ठेवायचं. लेकीनं आडनाव बदललं नाही म्हणून आमच्या मंडळातल्या एका मावशींनी नाक मुरडलं होतं. त्यांना मी हेच सांगितलं.

सासरची मंडळी अमेरिकेत वाढली असतील तर एक वळसा घ्यावा लागतो. साधारण १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख माणसं क्यूबेक सोडून अमेरिकेत गेली. त्यांतली बरीच न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत लागली: लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, फॉल रिव्हर. तिथे नावांचं इंग्रजी झालं. ब्वाव्हेर म्हणजे 'हिरवं रान', त्याचं झालं ग्रीनवुड. रुआ म्हणजे राजा, तो झाला किंग. लब्लां झाला व्हाइट, लाझनेस झाला यंग, लेव्हेक झाला बिशप. काहींचं भाषांतर न होता कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलं, आणि ते ओळखायला जास्त कठीण. अशा घरात आजी फ्रेंचमध्ये जपमाळ म्हणायची असं कळलं, तर 'ग्रीनवुड'वर विश्वास ठेवू नका. तिथल्या नगरपालिकेच्या कागदावर जन्मस्थान नुसतं 'कॅनडा' असतं. त्याच गावातल्या फ्रेंच चर्चच्या वहीत मात्र वधूवरांच्या आयांची माहेरची नावं सापडतात, आणि नशीब असेल तर क्यूबेकमधलं गावही. म्हणून आधी चर्च.

ऊर्फ

यादीत एखादं नाव असं दिसेल: मिव्हिल दी देशेन. किंवा युदों दी बोलिय. मधला 'दी' म्हणजे 'म्हटलेला'. आपला ऊर्फ.

हे ऊर्फ आले कुठून? एक मोठा झरा पलटणीचा. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर नावाची पलटण फ्रान्सहून आली, बाराशेच्या आसपास शिपाई. त्यांतले चारशे इथेच राहिले, लग्नं करून शेतकरी झाले. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असायचं, आणि ती नावं मजेशीर आहेत. सां-सुसी म्हणजे बिनघोर. त्रांश-मोंतान्य म्हणजे डोंगर चिरणारा. लाफ्लर म्हणजे फूल, लात्युलिप म्हणजे ट्युलिप. झोलिकर म्हणजे गोड काळजाचा. शिपाईगिरी सुटली, नाव चिकटून राहिलं आणि मुलाबाळांना गेलं.

दुसरा झरा मुलखाचा. आब्राआम मार्तँला लोक लेकोसे म्हणत, म्हणजे स्कॉटलंडवाला. वर ज्या युस्ताशचा उल्लेख केला त्याचा हा बाप, आणि इंग्रज-फ्रेंचांची १७५९ ची निर्णायक लढाई ज्या पठारावर झाली त्या पठाराला नाव याचंच. पिएर मिव्हिलला 'स्वीस' म्हणत. बंडाचा नेता म्हणून कॅनडाच्या इतिहासात गाजलेला लुई रिएल, त्याच्या पूर्वजाचा ऊर्फ होता 'लिर्लांद', म्हणजे आयर्लंडचा. फ्रेंच नाव दिसलं म्हणून माणूस फ्रान्सचाच असेल असं नाही. फनफ नावाचं घराणं घ्या: मूळ पुरुष मॅसॅच्युसेट्सच्या ग्रॉटनमधला इंग्रज मुलगा मथायस फार्न्सवर्थ. १७०४ मध्ये तो पकडून आणला गेला, इथेच वाढला, आणि फार्न्सवर्थ फ्रेंच तोंडात फिरून फिरून फनफ झाला.

तिसरा प्रकार जमिनीवरून आलेला. देशेन म्हणजे ओकच्या झाडांजवळचे, देर्विसो म्हणजे ओढ्याकाठचे. एकाच आडनावाची दहा घरं एका मुलखात झाली की वेगळं ओळखायला असं काहीतरी लागतंच.

नवख्याला याचे दोन त्रास होतात. पहिला: एकाच बापाचे दोन मुलगे, एकाची पोरं मूळ नाव धरतात, दुसऱ्याची ऊर्फ. युदों दी बोलियचे काही वंशज आज युदों आहेत, काही बोलिय. एकच माणूस बाप्तिस्म्यात एका नावानं, लग्नात दोन्ही नावांनी आणि दफनात नुसत्या ऊर्फानं सापडू शकतो. दुसरा त्रास उलटा: सगळे लाफ्लर एका घराण्यातले नाहीत. लाफ्लर नावाचे शिपाई कितीतरी होते, एकमेकांशी काही संबंध नसलेले. तेव्हा आडनाव जुळलं म्हणून नातं जुळलं असं धरू नका, आणि जुळलं नाही म्हणून सोडूनही देऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक घरांनी दोनातलं एक नाव कायमचं टाकून दिलं. नेमका तिथेच धागा तुटल्यासारखा वाटतो.

यावर तोडगा बायकोच्या नावाचा. नवरा दोन नावांत लपंडाव खेळत असला, की शोधयंत्रात त्याचं आडनाव रिकामं सोडा. त्याचं पहिलं नाव आणि बायकोचं पूर्ण माहेरचं नाव घाला. निम्मी गाठ तिथेच सुटते. तिच्या बापालाही ऊर्फ असू शकतो, तेवढं लक्षात असू द्या.

पाळण्यातलं नाव

आडनावाइतकाच गोंधळ पहिल्या नावाचा. जुन्या वसाहतीच्या काळात मुलाला एक किंवा दोन नावं असत. पुढे, विशेषतः एकोणिसाव्या शतकात, जवळजवळ प्रत्येक मुलगा जोसेफ आणि प्रत्येक मुलगी मारी होऊ लागली. हे देवाघरचं नाव. त्यानंतर बरेचदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं (बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणाऱ्यांचं) नाव आणि शेवटी हाक मारायचं नाव. म्हणजे वहीत 'जोसेफ लुई ओनेझिम' असेल तर घरात तो ओनेझिम. अमेरिकेतल्या कारकुनाला हे कुठून माहीत? त्यानं सगळ्यांना जोसेफ लिहिलं. सहा जोसेफ एका घरात दिसले की घाबरू नका, शेवटचं नाव बघा. जाँ-बातिस्त हे मात्र जोडनाव आहे, ते तोडू नका.

मूल दगावलं तर पुढच्या बाळाला तेच नाव देण्याची चाल होती. माझे पाच-सहा आठवडे यातच गेले. एका जाँ-बातिस्तचा बाप्तिस्मा सापडला, आईबाप बरोबर, गाव बरोबर, मी खुशीत पुढे गेले. त्याचं लग्न, अकरा मुलं, सगळं तक्त्यात भरलं. मग त्याच वहीच्या पुढच्या पानांवर त्याच आईबापांच्या जाँ-बातिस्तचं दफन दिसलं, वय नऊ महिने. लग्न केलेला जाँ-बातिस्त तीन वर्षांनी जन्मलेला धाकटा भाऊ होता. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की पुढच्या पाच वर्षांची दफनं चाळायची, हा माझा नियम.

धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावंही टिपून ठेवा. ते बहुधा काका, मामा, आत्या, आजी असतात. एखाद्या शाखेत अडलात की तीच नावं वाट दाखवतात.

लग्नाची साखळी

आता मुख्य काम. लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची पूर्ण नावं असतात, दोन्ही आयांची माहेरच्या आडनावानं. लग्न बहुतेक वेळा वधूच्या गावी. म्हणजे एका पानावरून तुम्हाला आणखी दोन जोडपी मिळाली. ती जोडपी शोधा, त्यांची लग्नं शोधा, चार मिळतील. दोघांपैकी कुणी विधवा किंवा विधुर असेल तर मात्र आईबापांऐवजी आधीच्या जोडीदाराचं नाव लिहिलेलं असू शकतं. अशा वेळी आधीचं लग्न गाठायचं. तेव्हा माणसं वैधव्यानंतर पटकन दुसरं लग्न करत, म्हणून सावत्र भावंडं एकाच घरात मिसळलेली असतात.

कुठे शोधायचं? फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्यूबेकच्या कॅथलिक वह्यांची छायाचित्रं १६२१ पासूनची आहेत, फुकट. खातं मात्र उघडावं लागतं. द्रुएँ संस्थेचं जेनेआलोजी क्यूबेक हे वर्गणीचं संकेतस्थळ. १९४० च्या दशकापर्यंतच्या वह्यांची मायक्रोफिल्म या संस्थेनं केली होती, आणि तिथली लग्नांची सूची वापरायला फार सोपी. मॉन्ट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा प्रकल्प १९६६ मध्ये सुरू झाला. त्यांनी वेगवेगळ्या नोंदी जोडून अख्खी कुटुंबं उभी केली आहेत. तिथे बघाल तितक्या पानांचे पैसे पडतात, म्हणून मी आधी फुकटच्या ठिकाणी काम करते आणि अडले की तिथे जाते. फादर सिप्रिएँ तांगे यांचा १८७१ ते १८९० या काळात निघालेला सात खंडांचा वंशकोशही इंटरनेटवर वाचता येतो. एका माणसानं उपसलेलं काम म्हणून थक्क व्हायला होतं, पण त्यात चुका आहेत. त्याचा उपयोग दिशा कळण्यापुरता. सातव्या खंडातली ऊर्फांची यादी मात्र हाताशी ठेवण्यासारखी.

लोकांनी स्वतः टाकलेल्या तयार वंशावळी बघायला हरकत नाही, उतरवून मात्र घेऊ नका. नऊ महिन्यांच्या बाळाला अकरा मुलं झालेली मी तिथेही पाहिली आहेत.

महिन्यांचा अंदाज असेल तर शोध लवकर होतो. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नसत, आपल्या चातुर्मासासारखंच. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि नोव्हेंबर हे लग्नसराईचे महिने. ते आधी चाळा.

मूळ पान वाचताना

सूचीत मिळालं तरी मूळ पान उघडाच. समासात नोंदीचं अक्षर असतं: बी म्हणजे बाप्तिस्मा, एम म्हणजे लग्न, एस म्हणजे सेप्युल्त्युर, अर्थात दफन. साल अक्षरांत लिहिलेलं. पंधरावीस शब्द पाठ केले की वाचता येतं: 'फीस द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'फीय द' म्हणजे मुलगी, 'व्हव' म्हणजे विधवा, 'देफं' म्हणजे कैलासवासी. बाप्तिस्म्यात 'ने दिएर' असं आलं तर बाळ कालच जन्मलंय. तेव्हा एकदोन दिवसांतच बाप्तिस्मा होई, भर जानेवारीच्या बर्फातसुद्धा. 'ओंद्वाये' शब्द दिसला तर बाळ जगेल की नाही अशी शंका होती आणि सुईणीनं घरीच घाईनं पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला होता.

महिन्यांत एक सापळा आहे. सातचा आकडा आणि त्याला चिकटून बीआरई ही अक्षरं, हे जुलै नव्हे. 'सेप्त' म्हणजे सात, म्हणून हा सप्टेंबर. आठाचा आकडा तसा असेल तर ऑक्टोबर, नवाचा नोव्हेंबर आणि रोमन दहा असेल तर डिसेंबर. मी एक बाळ जुलैत टाकलं होतं. त्याच आईचं आधीचं बाळ आदल्या नोव्हेंबरातलं, जन्मून आठवड्यात गेलेलं. आठ महिन्यांचं अंतर बघून मी त्या बाईच्या नशिबावर हळहळत बसले होते. सप्टेंबर वाचल्यावर दहा महिने झाले. हळहळ तशीच राहिली म्हणा.

लग्नाच्या नोंदीत 'तिसऱ्या डिग्रीची सूट' असं काही आढळलं तर थांबून वाचा. चर्चला चौथ्या डिग्रीपर्यंतच्या नात्यात लग्न चालत नसे. करायचं तर परवानगी लागे आणि ती वहीत लिहिली जाई. दुसरी डिग्री म्हणजे सख्खी चुलत-मावस-मामेभावंडं, तिसरी म्हणजे दोघांचे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. वधूवरांपैकी एकाची बाजू माहीत असेल तर या एका ओळीवरून दुसऱ्याची हुडकता येते. इथली माणसं मुळातच थोडी. १६६६ च्या पहिल्या शिरगणतीत ३,२१५ डोकी भरली होती. म्हणून डीएनए चाचणी केलेल्या फ्रेंच कॅनेडियनाला शेकडो नातलग सापडतात, आणि ते दिसतात त्यापेक्षा बरेच दूरचे असतात. त्या आकड्यांच्या मागे लागण्यात माझा तरी काही फायदा झाला नाही.

शेवटी 'सही करता येत नाही असं सांगितलं' या अर्थाचं वाक्य बहुतेक पानांवर येतं.

नोटरीचं दफ्तर

चर्चची वही नाव देते, माणूस भेटतो तो नोटरीच्या कागदांत. या वसाहतीत पॅरिसचा रिवाजी कायदा चालायचा आणि लग्नाआधी नोटरीपुढे करार करायची पद्धत होती. १६३६ मध्ये रोबेर द्रुएँ आणि आन क्लुतिए यांचा असा करार झाला. कॅनडातला हा सर्वांत जुना लग्नकरार मानतात. आन तेव्हा दहा वर्षांची, लग्न पुढच्या वर्षी लागलं. तिचा बाप झाकारी क्लुतिए सुतार. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी तो कुऱ्हाड काढायचा. पीआरडीएचच्या हिशेबानं १८०० पर्यंत त्याचे १०,८५० वंशज झाले होते, तेव्हा तुमच्या तक्त्यात ही कुऱ्हाड निघण्याची शक्यता बरीच आहे.

करारांइतक्याच कामाच्या मृत्यूनंतरच्या याद्या: घरातली कढई, गाय, फाटकी चादर, देणी-घेणी. आणि म्हातारपणी शेत मुलाच्या नावे करून देताना घातलेल्या अटी: वर्षाला इतकं सरपण, इतकं डुकराचं मांस, इतका तंबाखू. वाचताना आपल्याकडच्या वाटणीपत्रांची आठवण येते. हे कागद बीएएनक्यू या क्यूबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण अक्षर चर्चच्या वहीपेक्षा भयंकर. हे काम मी दुसऱ्या हिवाळ्यात घेतलं, तुम्हीही आधी साखळी पुरी करा.

शाखा अकादीची, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाकडची निघाली तर वेगळी तयारी ठेवा. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या फ्रेंचांना हुसकून लावलं आणि बरीच दफ्तरं त्यात गेली. तिथल्या ग्रां-प्रे गावच्या काही वह्या निर्वासितांनी बरोबर नेल्या, त्या आज लुइझियानात आहेत. अशा शाखेत नंतरच्या लग्नांतल्या त्या डिग्रीच्या परवानग्याच आधाराला येतात.

समुद्रापलीकडे

मागे जाता जाता एक जोडपं असं येतं की आईबापांच्या नावापुढे क्यूबेकऐवजी फ्रान्समधलं गाव येतं. हा मूळ पुरुष. क्यूबेकमध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव त्रांब्ले. त्या सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, पेर्श प्रांतातल्या रांदोने गावचा पिएर त्रांब्ले, ज्यानं १६५७ मध्ये ओझान आशोंशी लग्न केलं. मूळ पुरुषाचं नाव 'फिशिए ओरिजीन' या फुकट सूचीत घाला. फ्रान्समधला बाप्तिस्मा कुणी शोधून काढला असेल तर तारीख आणि गाव तिथे मिळतं, आणि मग त्या फ्रेंच जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मूळ पान.

मूळ स्त्री बरेचदा 'राजाची लेक' निघते. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजानं खर्च करून सुमारे ७७० मुली इथे लग्नासाठी पाठवल्या, त्यांना हे नाव आहे. आमच्या तक्त्यात अशा चार आहेत. तिघींची गावं लागली. चौथी पॅरिसची, आणि तिचा बाप्तिस्मा कुणालाच सापडणार नाही. पॅरिसच्या जुन्या वह्यांच्याही दोन प्रती होत्या, एक नगरभवनाकडे, एक न्यायालयाकडे. मे १८७१ च्या दंगलीत त्या दोन्ही जळाल्या, एकाच आठवड्यात. तिच्या आईबापांची नावं आणि पॅरिसमधल्या तिच्या चर्चचं नाव आज फक्त एका ठिकाणी आहे: क्यूबेकमधल्या तिच्या लग्नाच्या नोंदीत. नातीनं तक्त्यात ती नावं लाल पेनानं लिहिली.